सोवळे, शेला आणि शाळेचा टाय: कपड्यांचे कोणते रिवाज ठेवावेत, कोणते सोडावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात मोठ्या मुलाचे लग्न आहे आणि तो म्हणतो शेरवानीच घालणार, सोवळे-उपरणे नको. धाकटी सहावीत आहे आणि तिची शाळा टाय आणि काळ्या चामडी बुटांवर अडून बसली आहे. घरातली मोठी माणसे म्हणतात रीत ती रीत, मुले म्हणतात आता कोण बघतंय. मग पाळायचे की सोडायचे?

पाळायचे, पण सगळे नाही. त्या कपड्याला त्या दिवशी काही काम आहे का, एवढे बघा. विधीत जे वस्त्र बांधले जाते, जे नेसून दोन-दोन तास पाटावर बसायचे असते, त्याचा रिवाज आजही उपयोगाचा आहे. जे नुसते मानपानाचे किंवा कुणाला तरी मागे बसवण्यासाठी आहे, ते बिनदिक्कत सोडा. शाळेलाही हीच कसोटी लावा.

आधी नवरदेव. शेरवानी सीमांतपूजनाला घाला, संध्याकाळच्या स्वागत समारंभाला घाला, तिथे ती शोभते. होमापाशी मात्र ती अडचणच करते. अस्तर लावलेली, भरतकामाची शेरवानी जड असते, मांडी घातली की पोटावर आणि गुडघ्यांवर ताणली जाते, आणि समोर अग्नी पेटलेला असतो. याहून मोठी अडचण गाठीची. वराचे उपरणे आणि वधूचा शेला यांची गाठ मारतात. त्या गाठीत सुपारी, हळकुंड, अक्षता, नाणे असते आणि ती बांधलेली असतानाच दोघे होमाभोवती फिरतात. शेरवानीबरोबर उपरणे नसले की ऐनवेळी गुरुजी टॉवेल किंवा हातरुमाल मागतात. शेरवानीबरोबर मिळणारी टिकल्यांची, नेटची ओढणी या कामाची नाही. तिची गाठ नीट बसत नाही, बसली तर सुटत नाही, आणि ओढून सोडवली तर नेट फाटते. साधे रेशमी किंवा सुती उपरणे घ्या, दोन मीटरपेक्षा आखूड नको. शेलाही तेवढाच हवा. आखूड असले की फेरे घेताना दोघांपैकी एकाला वाकून चालावे लागते, आणि नेमका तोच फोटो निघतो.

सोवळे म्हणून कद, मुकटा, पीतांबर यांपैकी जे रेशमी धोतर घ्याल ते नेसायचे असेल तर साडेचार मीटरच्या आसपास असू द्या. त्याहून आखूड घेतले की निऱ्या कमी पडतात किंवा मागचा कासोटा खोचायला कापड उरत नाही. मुलगा सडपातळ असेल तर थोडे कमी चालेल, पोट सुटलेले असेल तर नाही. हल्ली शिवलेले धोतर सर्रास मिळते आणि त्यात वाईट काही नाही, पण त्यातली बरीच उभे राहून फोटो काढण्यापुरती बेतलेली असतात. दोन पायांमधली शिवण तिथे घट्ट असते आणि कन्यादानाला खाली बसताना ती उसवते. म्हणून दुकानातच जमिनीवर दहा मिनिटे मांडी घालून बसायला लावा, मग उकिडवे बसायला लावा. शिवण ताणली तर तिथे त्याच कापडाची चौकोनी कळी घालून घ्या, शिंप्याचे अर्ध्या तासाचे काम आहे.

रेशीम खरे की नकली हे बघायला कडेचा एक धागा काढून जाळा. रेशीम केस जळाल्यासारखे वास मारते आणि राख बोटात चुरली जाते. पॉलिएस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी होतो. ही परीक्षा केवळ पैशांसाठी नाही. लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि ती ओंजळ अग्नीवर रिकामी होते. त्या वेळी लोंबणारी बाही, सैल पदर थेट ज्वाळेच्या वर असतो. पॉलिएस्टर पेटले तर वितळून कातडीला चिकटते. रेशीम सावकाश जळते आणि ज्योत बाजूला केली की बहुधा विझते. होमाच्या वेळी रेशीम नेसायची जुनी पद्धत या कारणानेही मला शहाणपणाची वाटते. नवरीच्या मागे उभ्या असलेल्या करवलीला एकच काम नेमून द्या: होम चालू असेपर्यंत पदर आणि शेला धरून ठेवायचा.

नवरीच्या बाजूला पिवळी अष्टपुत्री, मग शालू, असा क्रम बऱ्याच घरांत आहे. पिवळी मामाकडची, शालू सासरचा. पिवळीतच ती गौरीहरापाशी बसते आणि अंतरपाटाला उभी राहते. ही साडी हलकी असणे महत्त्वाचे, कारण बहुतेक मुली सकाळपासून नीट जेवलेल्या नसतात आणि बसणे लांबते. हल्ली पिवळीच्या जागी जड जरीची पिवळी पैठणी घेतात. हौसेला मोल नाही हे मान्य, पण मग शालूही जड, त्यावर शेला, त्यावर हार. खांदा सुजतो. एक जड घ्या, एक हलकी घ्या.

साडी बदलायला लागणारा वेळ हा लग्न लांबण्याचे मोठे कारण असते. सहावारी बदलायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, नऊवारीहून सहावारीत यायचे आणि केसही बदलायचे तर पाऊण तास धरा. गुरुजींना हे आधी सांगा, म्हणजे ते मधल्या वेळात बाकीचे विधी बसवतात. दोन्ही साड्यांवर चालेल असा एकच ब्लाऊज शिवला तर वेळ निम्म्यावर येतो. त्या ब्लाऊजला दोन्ही कडांना आतून एकेक इंच कापड सोडायला लावा. लग्नाआधीच्या महिन्यात केळवणे असतात आणि माप बदलते.

नऊवारीबद्दल जरा सविस्तर. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. सप्तपदीत तांदळाच्या सात राशींवर एकेक पाऊल टाकायचे असते, त्याआधी अश्मारोहणाला सहाणेवर पाय ठेवायचा असतो. कासोट्याच्या नेसणीत पाय मोकळे राहतात, पाऊल दिसते, उठबस सोपी जाते. आतून कॅनकॅन, म्हणजे फुगवण्यासाठी कडक जाळी, लावलेल्या घेरदार लेहेंग्यात मुलीला स्वतःचे पाऊल दिसत नाही, रास कुठे आहे ते दुसऱ्याने सांगावे लागते. लेहेंगा घालायचाच असेल तर स्वागत समारंभाला घाला.

नेसवताना निऱ्या घातल्यावर मधला भाग दोन पायांतून मागे घेऊन काठ बरोबर कण्याच्या रेषेत येईल असा खोचतात. काठ तिरका बसला तर चालताना तो एका बाजूला सरकतच जातो, म्हणून खोचण्याआधी मुलीला चार पावले चालायला लावा. आत परकर नको, सुती लेगिंग किंवा गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी हवी. नायलॉनची असली की रेशीम घसरते. पिना कमी वापरा आणि जरीतून कधीही आरपार घालू नका. पिनेच्या वळणात एक छोटा मणी अडकवला की कापड त्या वळणात अडकून फाटत नाही.

अस्सल पैठणी कापून शिवलेली नऊवारी करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला तो येवला-पैठणच्या हातमागावरच्या विणीसाठी. हातमागाच्या पदराची ओळख म्हणजे उलटी बाजू. नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते, मागे लोंबते धागे नसतात. असे वस्त्र एकदा कापले की नातीला द्यायला काही उरत नाही. शिवून हवी असेल तर सेमी-सिल्क घ्या. पैठणीच नऊवारी हवी असेल तर मागावर आधी सांगून ठेवावी लागते. डिसेंबरच्या लग्नाला ती गौरी-गणपतीनंतर सांगितलीत तर हाती येईल याचा भरवसा धरू नका.

हळदीच्या दिवशी चांगले काही घालू नये. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरून लोक आणखी घासतात आणि तो कापडात आणखी मुरतो. थंड पाण्यात धुऊन उन्हात टाका, सुती कापडावरचा डाग दोन-तीन उन्हांत फिकटतो. रेशमावरचा मात्र सहजी जात नाही.

फेटे. सगळ्या पुरुष मंडळींना फेटे हा अलीकडचा थाट आहे, हवा असेल तर करा, पण वेळ मोजून करा. बांधणीप्रमाणे कापड साडेतीन मीटरपासून आठ-नऊ मीटरपर्यंत लागते, आणि बांधणाऱ्याला माणशी चार-पाच मिनिटे. म्हणजे तीस डोक्यांना एक माणूस दोन-अडीच तास घेणार. दोघे बोलवा किंवा यादी दहावर आणा. घट्ट बांधलेल्या फेट्याने तासाभरात डोके धरते, म्हणून बांधल्यावर कपाळ आणि कापड यांत एक बोट जाते का ते बघा. नवरदेवाचा फेटा असेल तर मुंडावळ्यांची दोरी नेहमीपेक्षा वीतभर लांब मागवा. नेहमीच्या लांबीची दोरी फेट्यावरून मागे पोचत नाही, मग ती टाचणीने लावतात आणि मंगलाष्टकांच्या मध्येच सुटून पडते.

पाहुण्यांनी काय घालावे, यावर फार डोके शिणवू नका. ज्यांना विधीत काम आहे तेवढ्यांनीच रिवाज पाळावा: कन्यादान करणारे आई-वडील, मुलीला मांडवात आणणारा मामा, करवली, लाजाहोमाचा आणि कानपिळीचा भाऊ. ही दहा-बारा माणसे. बाकी आलेले दोनशे जण स्वच्छ, नीटनेटके आले की पुरे. पत्रिकेत पाहुण्यांसाठी रंग ठरवून देणे मला पटत नाही, कारण ज्याच्याकडे त्या रंगाचे काही नाही तो एका दिवसासाठी खर्चात पडतो किंवा येतच नाही.

रंगांचे म्हणाल तर काळा हिंदू लग्नात टाळतात आणि पहिल्या संक्रांतीला त्याच नवरीला हौसेने काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने घालतात. रंग मुळात अशुभ नसतो, प्रसंग ठरवतो. पांढऱ्याचेही तसेच. बौद्ध विवाहात वधू-वर पांढऱ्या वस्त्रांतच असतात, गोव्यातल्या कॅथलिक लग्नात चर्चमध्ये नवरीचा गाऊन पांढरा असतो. दुसऱ्या समाजातल्या लग्नाला जाताना यजमानांना एक फोन करून विचारा, कुणाला राग येत नाही. नोंदणी विवाहाला, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नाला, पोशाखाची कसलीही अट नाही. तिथे ओळखपत्रे आणि साक्षीदार लागतात, शालू नाही.

आता जे सोडावे ते. विधवा आईला किंवा मावशीला हिरव्या बांगड्या नाहीत, कुंकू नाही, गडद साडी नाही, ती ओवाळायला पुढे येणार नाही, हा संकेत कपड्याचा दिसत असला तरी तो माणसाला बाजूला करण्याचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. ठराव झाला तरी प्रत्यक्षात ते घरातल्या कुणीतरी करावे लागते. मुलाच्या लग्नात बांगड्या भरायला कासार येईल तेव्हा तिला सगळ्यांच्या आधी बसवा. आधी घोषणा करत बसू नका, नुसते बसवा.

आहेराच्या साड्याही अशाच. मानाची म्हणून घेतलेली साडी घेणारी नेसत नाही, ती पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला जाते आणि तिची घडी कधी मोडलीच जात नाही. दोन्हीकडच्यांनी बसून जवळच्या मोजक्या माणसांची यादी करावी आणि तेवढ्यांना त्यांच्या पसंतीचे द्यावे. व्याह्यांनी मिळून ठरवले की कुणाचा मान जात नाही.

शाळेकडे येऊ. गणवेशाला काम आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. सकाळी वाद होत नाही, सहलीत मूल ओळखू येते, आणि कुणाचे कपडे किती किमतीचे हे वर्गात दिसत नाही. पण शर्ट आणि त्यावरचा पिनो (बिनबाह्यांचा फ्रॉक) जे काम करतात ते टाय करत नाही. कोकणात दमट हवा, विदर्भात ऊन इतके की तिथल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, अशा हवेत गळ्यापर्यंत बटण लावून वर टाय म्हणजे मुलाला दिवसभर घामात ठेवणे. लहान वर्गांत धोकाही आहे. घसरगुंडीवर, बसच्या दारात टाय अडकतो. शाळा अगदीच ऐकत नसेल तर मागे वेल्क्रोचा टाय घ्या, ओढला की सुटतो. गळ्यातून घालायचा इलॅस्टिकचा घेऊ नका.

चामडी बूट जूनमध्ये सक्तीचे करणे चूकच. भिजलेला बूट रात्रीत वाळत नाही, आत बुरशी धरते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. शाळेला लेखी विनंती करा: जून ते सप्टेंबर काळ्या पावसाळी सँडल चालाव्यात, टाय फक्त वार्षिक छायाचित्राला. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा विषय तिथे ठेवा. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडे द्या. पंधरा-वीस पालकांच्या सह्या असल्या की बोलणे सोपे जाते. आणि गणवेश अपुरा म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करत असतील तर तिथे गप्प बसू नका. त्याच कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. सर्व मुलांसमोर बाहेर काढणे हा माझ्या मते छळच आहे, चूक पालकांची असते आणि मान मुलाची खाली जाते.

मापाचे महत्त्व किती, हे राज्याने अलीकडेच पाहिले. २०२४-२५ साली सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य एक गणवेश’ योजना आली. कापड वरून आले, शिवण बचत गटांकडे गेली, आणि कुठे गणवेश उशिरा आले, कुठे मापे चुकली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. हे योग्य झाले. समग्र शिक्षा अभियानातून दोन गणवेशांचे मुलामागे ६०० रुपये येतात. एवढ्या पैशांत चांगला शिवून घ्यायचा तर शिंपी गावातला हवा, मूल समोर उभे हवे.

शिक्षकांसाठीही मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. त्यात जीन्स, टी-शर्ट नको म्हटले आहे, पण शिक्षिकांना साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा अशी निवड आहे. साडीच हवी असा हट्ट एखादी शाळा धरत असेल तर तो तिचा हट्ट आहे. पहिलीच्या वर्गात जमिनीवर बसून शिकवणाऱ्या बाईंना सलवारच सोयीची.

तुमच्या मुलीच्या गणवेशाचे. जूनमध्ये गणवेश लागतो आणि मे महिना लग्नसराईचा, शिंपी तोच असतो. म्हणून माप एप्रिलच्या शेवटी, निकालाच्या आसपास द्या. रोजच्या शर्टाला पॉलिएस्टर-कॉटन मिश्रण पावसात लवकर वाळते, उन्हाळ्याच्या भागात सुती बरे. शर्ट तीन घ्या, दोन पावसाळ्यात पुरत नाहीत. सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायला सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यात आखूड होते. गडद पिनोचे कापड घेताना ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. रुमालावर रंग आला तर तोच रंग पहिल्या पावसात शर्टावर येणार.

वाढीचा हिशोब असा: वयात येईपर्यंत मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होतात आणि त्यातली निम्मी वाढ पायांत असते. पिनोला खाली अडीच इंच दुमड ठेवली तर दोन वर्षे जातात. पण सहावी-सातवीत मुलींची उंची एकदम वाढते, तिथे तीन इंच सोडा, आणि छाती-कमरेच्या दोन्ही शिवणींत एकेक इंच. वर्षाने दुमड सोडली की जुन्या घडीची फिकट रेघ राहते. पांढऱ्या शर्टावर ती कळत नाही, निळ्या पिनोवर ठळक दिसते आणि या वयाच्या मुलीला ती फार खटकते. त्या रेघेवर त्याच कापडाची अर्ध्या इंचाची पट्टी शिवली की ती मुद्दाम लावल्यासारखी दिसते. नंतर आणलेले कापड रंगाला जुळत नाही, म्हणून गणवेश शिवून घेताना उरलेले तुकडे शिंप्याकडून मागून घ्या आणि पिनोबरोबरच धुवत राहा, म्हणजे दोन्हींचा रंग सारखाच उतरेल.